जुने ४१ हजार मेल सर्व्हरच्या फिल्टरमधनं परत कसे काढायचे?

भट्टी_नंबर_दोन
सोमवार, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय, कोणीतरी इस्कटून सांगा.

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आहे मी. तसा क्वालिटीचा माणूस, पण एक्सेल आणि प्रिंटर ज्याला कळतो त्याच्याच गळ्यात कंपनीतलं सगळं कॉम्प्युटरचं पडतं हे तुम्हाला माहीतच आहे, तर मेल सर्व्हरपण माझ्याकडंच आलाय. आधी तो ऑफिसातच होता, २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, शिरोलीजवळ रस्ता बंद, लाईट नाही, मेलपण बंद, कस्टमरला कळवायचं कसं तेच कळंना, मग पाणी उतरल्यावर साहेबांनी तो व्हीपीएसवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवून घेतला. डेबियन लिनक्स आहे, मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, ठेवायला डोव्हकॉट, आणि ब्राउझरमधनं बघायला वरनं राऊंडक्यूब. ज्यानं बसवून दिला तो आता फोन उचलत नाही.

आता मूळ दुखणं. आमचा जो कॉमन मेलबॉक्स आहे त्याच्या इनबॉक्सला ४१ हजारावर मेल आहेत. पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), ड्रॉइंग, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, बँक, जीएसटी, आणि मेन म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, सगळी एकच भेळ. गेल्या आठवड्यात राऊंडक्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर केले, सब्जेक्टमध्ये हीट नंबर (भट्टीतल्या एका ओतीचा नंबर) असेल तर सर्टिफिकेटच्या फोल्डरला, ट्रान्सपोर्टवाल्याचा पत्ता असेल तर डिस्पॅचला, असे एकूण नऊ. सेव्ह केलं आणि चहा पिऊन आलो, म्हटलं तोवर सगळे आपापल्या जाग्यावर गेले असतील. कुठलं काय! एक मेल हलला नाही. नंतर जे नवीन आले ते मात्र बरोबर जायला लागले.

पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे आणि त्यांना तीन वर्षांची ईएन १०२०४ ची ३.१ सर्टिफिकेटं (मालाच्या तपासणीचे दाखले) हीट नंबरवार बघायची आहेत. जुन्या मेलवर हेच फिल्टर परत चालवायचं काही बटण असतं का? आमच्यात वापरलेली वाळू परत चाळणीतनं काढून वापरतो, तसं मेलचं का होत नाही?


कट_जास्त
सोमवार, रात्री ११.२०

थंडरबर्ड टाक, अकाउंट आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून बघायची पद्धत) जोड, टूल्समध्ये मेसेज फिल्टर, तिथं फोल्डर निवडून रन नाऊ. आयमॅप असल्यानं हलवाहलवी सर्व्हरवरच होते, राऊंडक्यूबलापण तसंच दिसतं. फक्त तुझे नऊ नियम तिथं परत टाईप करायला लागतील, कारण थंडरबर्डचे फिल्टर वेगळे आणि सर्व्हरचे वेगळे, एकमेकांना ओळखत नाहीत. ४१ हजार म्हणजे रात्रभर मशीन चालू ठेव.


पोर्ट_पंचवीस
मंगळवार, सकाळी ७.०५

वाळूचं उदाहरण आवडलं, आणि योगायोग म्हणजे सिव्ह या शब्दाचा अर्थच चाळणी. तुझ्या राऊंडक्यूबने जे नऊ नियम लिहिलेत ते सिव्ह भाषेत आहेत, २००८ पासून ती आरएफसी ५२२८ या इंटरनेटच्या मानकात ठरलेली आहे. राऊंडक्यूब ती नियमांची स्क्रिप्ट मॅनेजसिव्ह या स्क्रिप्ट पोचवायच्या सोयीमार्फत ४१९० पोर्टवरनं सर्व्हरला देतं आणि मोकळं होतं. पुढं राऊंडक्यूबचा काही संबंध नाही.

आता चाळणी लावलीय कुठं ते बघ. मेल बाहेरनं पोस्टफिक्सकडं येतो, पोस्टफिक्स तो डोव्हकॉटच्या हातात देतो, आणि डोव्हकॉट तो डब्यात ठेवायच्या आधीच्या क्षणाला सिव्हला विचारतो की बाबा कुठं ठेवू. एकदा ठेवला की विषय संपला. सिव्ह परत मागं वळून डब्यात हात घालत नाही. त्यामुळं तू फिल्टर सेव्ह केलास तेव्हा नवीन येणाऱ्यांसाठी चाळणी लागली, आत पडलेला ढीग तसाच. यात बिघाड काही नाही, ते असंच बनवलंय.

पण डोव्हकॉटच्या सिव्हबरोबर एक वेगळं हत्यार येतं, सिव्ह-फिल्टर नावाचं. डेबियनमध्ये डोव्हकॉट-सिव्ह पॅकेजातच असतं, म्हणजे तुझ्याकडं ते आत्ता बसलेलंच आहे. ते ठेवलेल्या फोल्डरातले मेल एकेक उचलून तुझ्या स्क्रिप्टमधनं काढतं. मोबाईलवरनं लिहितोय म्हणून कमांड मराठीतच सांगतो: सिव्ह-फिल्टर, मग मायनस यू आणि मेलबॉक्सचा युजर, मायनस व्ही, मग स्क्रिप्टच्या फाईलचा पूर्ण पत्ता, शेवटी इनबॉक्स.

एवढ्यावर ते काहीच हलवत नाही. नुसतं सांगतं की अमका मेल तमक्या फोल्डरला टाकला असता. हे लई मोठं सुख आहे, ते आउटपुट फाईलमध्ये घे आणि निवांत वाच. खरं काम करायला दोन गोष्टी लागतात, छोटा ई आणि कॅपिटल डब्ल्यू. ई म्हणजे खरंच कर. डब्ल्यू म्हणजे इनबॉक्समधनं उचलायची परवानगी. लोक नुसता ई देतात आणि मग बोंबलतात की सर्टिफिकेटच्या फोल्डरलापण मेल आला आणि इनबॉक्सलापण राहिला, सगळं डबल झालं. डब्ल्यू नसेल तर इनबॉक्स फक्त वाचायला उघडतो, मग दुसरीकडं कॉपी पडणार नाही तर काय होणार.

आणि चालू स्क्रिप्ट जशीच्या तशी लावू नकोस. तिची कॉपी घे, त्यातनं रीडायरेक्ट (दुसऱ्याला पाठव), व्हेकेशन (सुट्टीचं आपोआप उत्तर), डिसकार्ड (फेकून दे) असलं जे काय असेल ते काढून टाक, फक्त फोल्डरला टाकायचे नियम ठेव. हे हत्यार तसं स्वतःहून पुसत नाही, डिसकार्ड झालेला मेल जागेवरच ठेवतं जोवर तू शेवटी वेगळं सांगत नाहीस तोवर, पण नशिबावर कशाला ठेवायचं. आधी डोव्हकॉटच्या डोव्हॲडम बॅकअप या कमांडने पूर्ण मेलबॉक्सची कॉपी दुसऱ्या जागी काढ, मग हात लाव.


तिकटीवरचा
मंगळवार, सकाळी ९.४१

एवढं कशाला राव. मेलडिर असणार, एक मेल एक फाईल. हीट नंबर ग्रेप करायचा (फायलींत शोधायचा) आणि एमव्ही कमांडने त्या फायली उचलून दुसऱ्या फोल्डरच्या 'cur' नावाच्या डिरेक्टरीत टाकायच्या. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.


पोर्ट_पंचवीस
मंगळवार, सकाळी १०.१५

पलटी होणार हे खरंय, तुझी होणार. एकतर सब्जेक्ट फाईलमध्ये साधा लिहिलेला असेलच असं नाही, मराठी किंवा कुठलंही वेगळं अक्षर आलं की तो बेस६४ नावाच्या सांकेतिक अक्षरांत गुंडाळलेला असतो, ग्रेपला तो दिसतच नाही. सिव्ह तो उलगडून बघतं. दुसरं, रूटने, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरने, कॉपी केल्यास तर फायलींचा मालक रूट होतो आणि डोव्हकॉटला उघडता येत नाहीत. आणि त्याच्याकडं एमडीबॉक्स असेल तर एका फाईलीत ढीगभर मेल असतात, तिथं एमव्ही केलास तर हिंदकळत घरी जावं लागंल.


गूळ_बाजार
मंगळवार, दुपारी १.३०

मी रीडायरेक्टबद्दल सांगतो, कारण माझ्यावर बेतलंय. जुनी गोष्ट, तेव्हा मी एका पेढीच्या ऑफिसात होतो आणि सिव्ह वगैरे काही नव्हतं, मेल वाटायला प्रोकमेल होतं. जुना सगळा मेल एका एमबॉक्स फाईलीत. त्याच्याच जोडीच्या फॉरमेल या प्रोग्रामला मायनस एस दिला की ते फाईलीतला एकेक मेल सुटा करून प्रोकमेलला खायला घालतं, म्हणजे आत्ता तुम्ही बोलताय तेच काम. मला वाटलं मी लई हुशार.

माझ्या नियमांत एक ओळ होती, सब्जेक्टमध्ये बिल असेल तर एक कॉपी आमच्या सीएला पाठव. रोजच्या नवीन मेलसाठी बरोबर होती, महिन्याला दहावीस मेल जायचे. मी जुन्या ढिगावर तेच नियम लावले आणि जेवायला गेलो. परत आलो तोवर सीएच्या डब्यात दोन हजारावर बिलं जाऊन पडली होती, पाच वर्षांपूर्वीची भेलीचे दर विचारणारी पत्रंसुद्धा, कारण त्यातही कुठंतरी बिल हा शब्द होता. त्यांचा फोन आला, म्हणाले अहो इन्कम टॅक्सची नोटीस आलीय का काय तुम्हाला? वरनं एवढे मेल एकदम सुटल्यामुळं समोरच्या सर्व्हरनं आमचे मेलच घ्यायचे बंद केले, दोन दिवस कोणाला काही जाईना. चूक माझीच, दुसऱ्या कोणाची नाही.

नियम लिहिताना आपण गृहीत धरतो की मेल आत्ता आलाय. जुन्या मेलला ते लागू नाही. आम्ही सुट्टीवर आहोत असं उत्तर तीन वर्षांपूर्वीच्या मेलला गेलं की माणूस काय समजंल विचार करा. म्हणून पोर्ट_पंचवीस म्हणतायत ते डोळे झाकून ऐका.


रंकाळा_वॉक
मंगळवार, दुपारी ३.०८

आमच्याकडं जीमेल आहे, त्यात फिल्टर करताना खाली टिक असते, जुळणाऱ्या जुन्या मेललापण लावा म्हणून. एका क्लिकमध्ये. आणि तिथं गूळ_बाजार यांच्यासारखं होत नाही, फॉरवर्डचा फिल्टर असला तरी तो फक्त नवीन मेललाच लागतो, जुने जात नाहीत. कोणीतरी आधी मार खाल्ला असणार.

माझी अडचण वेगळी आहे. बहिणीचं चपलांचं दुकान आहे, तिची वेबसाईट आणि मेल शेअर्ड होस्टिंगवर. तिथं कमांड मारायला जागाच नाही. तिनं काय करावं?


पोर्ट_पंचवीस
मंगळवार, संध्याकाळी ६.४४

शेल (कमांड मारायची जागा) नसेल तर सर्व्हरचं सिव्ह परत चालवणं विसरा. राऊंडक्यूबमध्येच सर्च करायचं, मग सिलेक्टमधनं सगळे निवडायचे, फोल्डरवर ओढून टाकायचे. नियम पाचसात असतील तर अर्ध्या तासाचं काम, त्याला ऑटोमॅटिक कशाला पाहिजे. जास्त असतील तर आयमॅपफिल्टर नावाचा प्रोग्राम आहे, आपल्या लॅपटॉपवर चालतो, नियम लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचे, तो आयमॅपने आत जाऊन हलवतो. सर्व्हरवर काही बसवायला लागत नाही.

खरं म्हणजे डोव्हकॉटला एक प्लगइन आहे ज्याने आयमॅपमधनंच सिव्ह परत चालवायची आज्ञा देता येते, पण होस्टिंगवाल्यानं ते चालू करायला पाहिजे आणि मेल प्रोग्रामला ते यायला पाहिजे, म्हणजे लग्नाला दोन्हीकडची माणसं तयार पाहिजेत.


भट्टी_नंबर_दोन
मंगळवार, रात्री ११.३७

सगळ्यांचे आभार. बॅकअप काढला, स्क्रिप्टची कॉपी केली, आणि न हलवता नुसतं चालवून बघितलं. एक तर बरं झालं लगेच ई दिला नाही.

पहिली गंमत. मी सब्जेक्टमध्ये हीट असेल तर सर्टिफिकेट असं लिहिलं होतं. आउटपुट वाचलं तर हीट ट्रीटमेंटवाल्यांची सगळी कोटेशनं सर्टिफिकेटच्या फोल्डरला निघालेली! नवीन मेलमध्ये हे आठवड्यात एखादं येतं म्हणून लक्षातच आलं नाही, जुन्या ढिगात साडेतीनशे निघाली. दुसरं, काही मेल दोन-दोन फोल्डरला जाताना दिसले, सब्जेक्टला हीट नंबर आणि पाठवणारा ट्रान्सपोर्टवाला, असे.

तिसरं कळंना झालंय. एक फोल्डर मी मराठीत केलंय, नाव सर्टिफिकेट. व्हीपीएसवर जाऊन बघितलं तर त्या नावाचं फोल्डरच नाही, अँपरसँड आणि कसलीतरी अक्षरं मायनस अशी नावं दिसतात. स्क्रिप्टमध्ये ते अँपरसँडवालं नाव लिहायचं का?

आणि चौथं, एका नियमात मी राऊंडक्यूबमध्ये एन्व्हलप निवडलं होतं, तो एकालाही लागला नाही.


पोर्ट_पंचवीस
बुधवार, सकाळी ६.५०

मराठी नाव स्क्रिप्टमध्ये मराठीतच लिही, साधं युनिकोड. आयमॅपच्या जुन्या नियमाप्रमाणं डिस्कवर ती नावं यूटीएफ ७ च्या एका मोडक्या प्रकारात लिहिली जातात, म्हणून तसं भुताटकीसारखं दिसतं. तू अँपरसँडवालं नाव दिलंस तर त्याच नावाचं वेगळंच फोल्डर मागितल्यासारखं होईल. खात्री पाहिजे तर डोव्हॲडम मेलबॉक्स लिस्ट मार, तिथं बरोबर मराठी नाव दिसंल, तेच उचल.

डबल जाणाऱ्यांचं कारण असं की सिव्ह एक नियम जुळला म्हणून थांबत नाही, खाली जात राहतं, आणि दोन ठिकाणी टाक म्हटलं की दोन्ही ठिकाणी टाकतं. राऊंडक्यूबमध्ये त्या नियमाला पुढचे नियम बघू नका असा पर्याय आहे, स्क्रिप्टमध्ये तो स्टॉप म्हणून दिसतो. सर्टिफिकेटचा नियम सगळ्यात वर घे आणि त्याच्या शेवटी स्टॉप टाक. हीटचं म्हणशील तर नुसतं हीट न बघता तुमच्या नंबराचा साचा बघ, आधी अक्षर मग आकडे असं काही असेलच की.

एन्व्हलपचं मात्र होणार नाही. पोस्टाच्या पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या कागदावरचा पत्ता वेगळा असतो ना तसं आहे. एन्व्हलप म्हणजे पाकीट, ते फक्त पोचवताना हातात असतं, पत्र कपाटात ठेवलं की पाकीट फेकलेलं. जुन्या मेलसाठी हेडरवरच नियम लिही, फ्रॉम बघ नाहीतर रिटर्न-पाथ बघ. तारखेचंपण तसंच, नियमात आजची तारीख बघत असशील तर ती आजचीच लागणार, मेल आला त्या दिवसाची नाही. स्पॅमचा नियम असेल तर तोपण काढ, स्पॅमचा शिक्का मेल आत येताना बसतो, तुझ्या जुन्या मेलवर शिक्का नसेल तर चाळणी तो कुठनं बघणार.


कट_जास्त
बुधवार, सकाळी ८.१२

एक विचारू का भट्टी_नंबर_दोन? तुझ्या त्या मेलबॉक्सला कोणी पॉपने (मेल आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) जोडलंय का? पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो, फोल्डर वगैरे त्याला माहीतच नसतात. तू ४१ हजार आत हलवलेस की त्याच्यासाठी ते सर्व्हरवरनं गेलेच. आमच्या इथं अशीच एकदा बोंब झाली होती, हिशोबाचा माणूस म्हणाला माझे मेल चोरीला गेले.


भट्टी_नंबर_दोन
बुधवार, रात्री ९.०३

कट_जास्त, तुला रविवारी मिसळ माझ्याकडनं.

सकाळी तुझं वाचलं आणि थेट डिस्पॅचला गेलो. डिस्पॅचचे काका जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुक वापरतात, बघितलं तर पॉप! आणि गेला आठवडाभर ते रोज मला सांगत होते की ट्रान्सपोर्टच्या पावत्या येईनात, तुमच्या सर्व्हरला काहीतरी झालंय, आणि मी रोज त्यांना सांगत होतो की काका सर्व्हर ठीक आहे तुम्ही सेंड-रिसीव्ह दाबा. सर्व्हर ठीकच होता. माझा नवीन फिल्टर त्या पावत्या इनबॉक्सला पडू देतच नव्हता आणि काका दिवसातनं चाळीसवेळा सेंड-रिसीव्ह दाबत होते. दोन गाड्या पावतीवाचून गेटला थांबल्या त्यापण त्याच्यामुळंच. काकांना सगळं सांगितलं, काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं माझ्याकडं.

त्यांचं अकाउंट आयमॅपवर केलं, फोल्डर दाखवले, डिस्पॅचचं फोल्डर वर आणून ठेवलं. मग संध्याकाळी सगळे गेल्यावर हीटचा साचा नीट करून, स्टॉप टाकून, एन्व्हलपचा नियम फ्रॉमवर बदलून परत एकदा कोरडं चालवलं, आउटपुटातल्या शेदोनशे ओळी मधनंमधनं वाचल्या, आणि मग ई आणि डब्ल्यू दिला. वडापाव आणायला गेट बाहेर जाऊन आलो तोवर झालं होतं. इनबॉक्सला सहा हजार उरलेत, कुठल्याच नियमात न बसणारे, त्यात बघण्यासारखं काही नाही. सर्टिफिकेटच्या फोल्डरला तीन वर्षांचं दिसतंय, मधल्या चार हीट सापडत नाहीत पण त्या बहुतेक कागदावरच दिल्यात, उद्या फाईल बघतो.

साहेबांचा मोबाईल मात्र मघापासून सगळे मेल परत उतरवून घ्यायला लागलाय, नेट संपलं म्हणून फोन आला होता. हे नॉर्मल आहे का?


पोर्ट_पंचवीस
बुधवार, रात्री ९.४०

नॉर्मल आहे. नवीन फोल्डरला गेलेल्या मेलला नवीन नंबर मिळतो, मोबाईलला वाटतं हे नवीनच आलेत. वायफायवर ठेवायला सांग, एकदाच होतं. आणि ती बदललेली स्क्रिप्ट राऊंडक्यूबमध्येपण टाक, नाहीतर हीट ट्रीटमेंटची कोटेशनं उद्यापासून परत तिथंच.


गूळ_बाजार
बुधवार, रात्री १०.०२

काकांनाही मिसळ सांग की. आठवडाभर सेंड-रिसीव्ह दाबलंय बिचाऱ्यांनी.